सुटलेली नाडी

"अहो, एकदा अटॅक येऊन गेलाय, तपासणी करून टाकू ना!" बायको काकुळतीला आली. "मला काय धाड भरलीय? एवढे पैसे काय झाडाला लागतात?" सुतार तणतणत खिळे आणायला खाली उतरला. क्षणभर तिलाही पटलं. त्या पैशांत करवतीचं नवं मशीन आलं असतं. डॉक्टरांना नकार कळवायला तिने फोन उचलला, तोच जिन्यात त्याची पावलं वाजली आणि नेहमीसारखी एक मजला आधीच थांबली. का थांबलात विचारलं, की रोजचं उत्तर ठरलेलं: बुटाची नाडी सुटली होती. आज मात्र पावलं पुन्हा वाजेपर्यंत ती फोन हातात धरून दाराशी येऊन उभी राहिली. दारात तो घामाघूम हसला. "नाडी सुटली होती गं." तिने खाली पाहिलं. रागाच्या भरात तो चपला घालूनच गेला होता. तिने फोन लावला. "डॉक्टर, आम्ही आत्ताच निघतोय."