दुसरी शेगडी

शिट्टीमास्तरांनी उन्हाच्या पेटीचं काचेचं झाकण उचललं. आतले तांदूळ कोमट पाण्यात तळाला बसले होते, सकाळी घातले तसेच. अख्खी बिल्डिंग गच्चीवर जमली होती. कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचे कान असे तापले, की पातेलं कानाला लावलं असतं तर तिथल्या तिथे भात झाला असता.

मास्तर म्हणजे बस डेपोतले टाइमकीपर. त्यांची शिट्टी वाजल्याशिवाय गाडीच काय, डेपोतलं कुत्रंसुद्धा हलायचं नाही. रिटायर झाले, शिट्टी खिशात राहिली. पण वाजवायची कुणासाठी? खुर्ची भिंतीकडे वळवून ते बसले ते बसलेच. मास्तरीणबाई सांगतात, एक पाल त्यांनाच घड्याळ समजून त्यांच्या पाठीमागे राहायला आली होती.

पुढे पेन्शनीत बिलं मावेनात, आणि मास्तरांना बचतीचं खूळ लागलं. निसर्गाला सांभाळा, खिसा आपोआप सांभाळला जातो, म्हणायचे. अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं कुंड्यांना. घरचा टोमॅटो कापला की फेस यायचा. मग उन्हावर भात शिजवायची पेटी आली. आतून काळीकुट्ट. काळं काही दिसलं की मास्तरांचे हात शिवशिवतात. त्यांनी ती घासून घासून आरशासारखी लख्ख केली. गॅस फक्त सकाळच्या चहापुरता. चहा झाला की रेग्युलेटर कपाटात आणि कपाटाची किल्ली खिशात, शिट्टीशेजारी.

रोज पातेलं पेटीत ठेवून मास्तर बिल्डिंगच्या फेरीला निघायचे. कुणाचा नळ गळतोय, कुणाचा पंखा रिकाम्या खोलीला वारा घालतोय, दिसलं की शिट्टी. दुपारी पानावर बसले की पुढ्यात भात कसा, मोकळा आणि वाफाळता. सूर्य आपल्या हाताखाली ड्युटीला आहे, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे.

सगळ्यात जास्त शिट्ट्या तळमजल्यावरच्या मावशींच्या वाट्याला यायच्या. घरात एकटी बाई, आणि खिडकीतून बघावं तर दोन्ही शेगड्या पेटलेल्या. एका पोटाला दोन शेगड्या? पोटात भाडेकरू ठेवलाय का, असं मास्तर चारचौघांत विचारायचे. लोक हसायचे. मावशीही हसायच्या. मास्तरीणबाई तेवढ्या आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायच्या.

आज सगळ्यांना पेटी दाखवायची, म्हणून फेरी नव्हती. मास्तर सकाळपासून पेटीशेजारी खुर्ची टाकून राखण करत बसले होते. मास्तरीणबाई सारख्या वर येत होत्या. जरा फेरी मारून या, पाय मोकळे करा, मी बसते इथे, म्हणत होत्या. मास्तर ढिम्म. एकदाच काय ते पाणी प्यायला खाली गेले. परत येऊन बघतात तर मावशी पेटीजवळ उभ्या, दुखरे गुडघे धरून, धापा टाकत.

आता भर गर्दीत तेच त्यांना आठवलं. बुडत्याला काडीचा आधार.

"पेटी तुम्ही उघडलीत," मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले. "ऊब गेली सगळी. दोन शेगड्या जाळणाऱ्या बाईला दुसऱ्याची बचत कशी बघवेल?"

मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं. मावशींनी त्यांचा हात दाबला.

"लागला असेल माझा हात," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं."

आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या खाली गेल्या. हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. लोक कुजबुजत पांगले. मास्तर जिंकले होते, पण मान काही ताठ होईना. म्हातारी बाई इतक्या चटकन कबूल कशी झाली, हे त्यांना टोचत होतं. आणि टोचलं की मास्तरांचा आवाज चढायचा. चूक त्यांची ना, मग भात शिजवून पण त्यांनीच द्यावा, असं म्हणत त्यांनी पातेलं उचललं. घाईत बायकोच्याच चपला पायात सरकवल्या. मास्तरीणबाई मागून आल्या, अहो थांबा, मी नेते, म्हणाल्या. पण मास्तर जिन्यावरून फटक फटक करत निघालेसुद्धा.

मावशींचं दार उघडंच होतं. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. एका शेगडीवर वाटीएवढं पातेलं, एका माणसापुरतं. दुसरी शेगडी मोठ्या आचेवर पेटलेली, आणि तिच्यावर काहीच नाही. आता तर रिकामी शेगडी जाळतेय ही बाई! मास्तरांच्या जिभेवर टोमणा आला.

चपलांचा आवाज ऐकून मावशी मागे न वळताच बोलल्या.

"आलीस का गं? ठेव पटकन. आज रोजच्यापेक्षा फारच उशीर झाला, मास्तरांच्या पोटात कावळे ओरडत असतील. मी वर चढून बघितलं, पण पातेलं उचलायच्या आत ते आलेच." त्यांनी पदराने डोळे टिपले. "काळा रंग घासून काढल्यावर ऊन तरी काय करणार बिचारं. पण तू त्यांना सांगू नकोस हं. मला बोलले तर बोलू देत. निदान हिंडता-फिरता माणूस दिसतो. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला नकोत."

मास्तरांनी पातेलं शेगडीवर ठेवलं. झाकण वाजलं.

मावशी वळल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते.