पायातला हिरवा दिवा

कुसुमताईंनी पाटावर बसून पाय लांब केले, नातवाला पायांवर पालथं घातलं आणि कोमट तेलानं त्याची पाठ रगडायला घेतली. बाळानं टाहो फोडला.

"रडू दे गं. मग बघ कसं गाढ झोपतं," त्या लेकीला म्हणाल्या.

पंचा घेऊन आलेली केतकी दारातच थिजली. बाळाच्या पायातल्या पट्टीचा हिरवा दिवा लाल झाला होता.

"आई, थांब! कोणाजवळ बाळाची छाती धडधडते, ते ही पट्टी बघते. समोरचे आजोबा नातीला वर उडवून झेलायचे. त्यांना परत घरात येऊ दिलं नाही."

"काहीतरीच! तुलाही मी असंच न्हाऊ घातलंय."

तेवढ्यात दार आपोआप उघडलं. गणवेशातल्या दोन बायका आत आल्या. त्यांनी कुसुमताईंच्या चपला अदबीनं त्यांच्या पायांशी ठेवल्या.

"चला आजी. बाळ सज्ञान झालं की भेटा."

"अहो, हात तरी धुऊ द्या," कुसुमताई म्हणाल्या. पण त्यांना तेलकट हातांनीच नेलं.

केतकीनं बाळाला पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं. ते खरोखरच गाढ झोपलं होतं. तिचं काळीज मात्र धाडधाड उडत होतं, अगदी बाळाच्या कानाशी. बाळ दचकलं. त्यानं ओठ काढला.

नुकताच हिरवा झालेला दिवा पिवळा झाला.

केतकीनं घाईघाईनं चेहऱ्यावर हसू आणलं आणि अंगाई सुरू केली.

जिना उतरणारी पावलं मध्येच थांबली.