फुकटचे डोळे

हेमलताबाई कोष्टींची दृष्टी लहानपणीच गेली होती. पन्नाशीत त्यांना एका कंपनीचे कृत्रिम डोळे मिळाले, तेही फुकट. आठवड्याभरात त्या भाची ऋजुताबरोबर मिरजेच्या बाजारात निघाल्या.

"एवढी महागाची वस्तू फुकट का देतात गं?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी कंपन्या इंटरनेटचे ब्राउझर असेच फुकट वाटायच्या, मावशी. माणूस काही शोधायला लागला की पहिलं काय दिसावं, ते कंपनी ठरवते. त्याचे पैसे तिला दुकानदार देतात."

हेमलताबाईंना ते लगेच पटलं. कारण त्यांनी फुलं मनात आणताच चौकातलं एक मोठं दुकान लख्ख उजळलं आणि बाकीचा बाजार धूसर झाला. त्यांना मात्र झुलेखाकडचा गजरा हवा होता. कित्येक वर्षं त्या तिच्याकडूनच घेत आल्या होत्या. आता तिची टोपली काही केल्या दिसेना.

"हे बंद नाही का करता येत?"

"डोळेच मिटावे लागतील," ऋजुता हसून म्हणाली.

"मग मिटते की!"

हेमलताबाईंनी डोळे मिटले आणि त्या सवयीच्या पावलांनी गर्दीतून निघाल्या. मोगऱ्याचा वास आला, तशा थांबल्या.

"हेमाताई, आज काठी कुठंय?" अगदी जवळून झुलेखाचा आवाज आला.

त्यांनी डोळे उघडले. इतक्या जवळचं माणूस कंपनीलाही पुसता येत नव्हतं. गोल चेहरा, पानानं रंगलेले ओठ, नाकात चमकी.

"काय बघता एवढं?" झुलेखा लाजली.

"थांब गं जरा," हेमलताबाई म्हणाल्या, "अजून मन भरलं नाही."