ओ द्यायची नाही

"बंगल्यातून नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही," टपरीवाल्या मावशींनी चहा गाळता गाळता बजावलं. "भूत आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतं. तीन हाका होईस्तोवर गप्प राहायचं. तिसरी हाक भुताला मारता येत नाही."

आमचे हे मोठ्यानं हसले. कुठंही फिरायला निघालो की वाटेतली भुताची जागा यांना बघायचीच असते. भर दुपारी ते समोरच्या ओसाड डाकबंगल्यात शिरले आणि मला घाबरवायला म्हणून त्यांनी धाडकन दार लावून घेतलं.

थोड्याच वेळात आतून आवाज आला, "शालन!"

ओ अगदी ओठांवर आली होती. लग्न झाल्यापासून यांच्या पहिल्याच हाकेला मी हातातलं काम टाकून धावत आलेय. पण ओठांवरची ओ मी भज्याबरोबर गिळून टाकली.

"शालन! अगं, कडी अडकलीय! ऐकू येत नाही का?"

मी दुसरं भजं चटणीत बुडवलं.

मग बराच वेळ नुसतीच दाराची खडखड चालली. ती थांबली आणि एकदम मऊ सुरात हाक आली, "शालन, जरा येतेस का गं? प्लीज."

मावशी लगबगीनं उठल्या. "तिसरी झाली! तुमचेच मालक आहेत हो, जा."

मी हात धरून त्यांना खाली बसवलं.

"नाही हो मावशी, हे भूतच. आमचे हे प्लीज म्हणत नाहीत."