गुंतवळ

औशाच्या दवाखान्यातून शाळेत आलेल्या सिस्टरनं सातवीच्या पोरींना फण्या आणायला लावल्या होत्या. खिचडीच्या चुलीवर पाणी तापवून ती एकेक धूत होती. "दुसऱ्याची फणी वापरायची नाही." डोक्याला रुमाल बांधलेली प्रियदर्शनी फणी सोडेना. "ऱ्हाऊ द्या ना सिस्टर." "लाजायचं काय त्यात?" म्हणत सिस्टरनं घेतलीच. फणीच्या दातांत लांबसडक केसांचं गुंतवळ अडकलं होतं. "उवांचं घर नुसतं!" तिनं उपसून चुलीत टाकलं, फणी खसाखसा घासली. "रुमाल सोड. तुझी वेणी घालून दाखवते." रुमाल सुटला. डोक्यावर बोटभर केस होते. "माय वारल्यावर पप्पानं कापले," पोर म्हणाली. "वेणी जमत न्हाई त्यांला. फणीतले मायचे व्हते." चुलीतून जळका वास येत होता. पोर फणी उन्हाकडं धरून दात न् दात निरखत राहिली. सिस्टरनं ती फार स्वच्छ धुतली होती.