पायाचा रकाना

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या बाजारात चामड्याच्या चपला शिवणाऱ्या बाबांना बतूल गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं तिसरं सॉफ्टवेअर दाखवत होती.

“नाव, फोन, पत्ता... आणि पायाचा रकाना?”

“नाहीये, बाबा.”

“मग काय कामाचं, पोरी? माझी गिऱ्हाइकं काय पत्त्याला चपला घालतात?”

ती चिडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर तिनं हवे ते रकाने जोडू देणारं सॉफ्टवेअर निवडलं. पहिलं नाव बाबांचंच लिहिलं आणि पायाच्या रकान्यापाशी अडली. दुकानातल्या बाकाखालून त्यांच्या कामाच्या वेळच्या चपला काढून पाहिल्या, तर डावीचा तळ एका बाजूनं पार झिजला होता.

रिकाम्या दुकानात ती मोठ्यानं म्हणाली, “बाबा, पाय दुखतो का हो तुमचा?”