पहिलं पान

आमच्याच विभागातल्या बाई विद्यापीठात घडणाऱ्या खुनांच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या लिहितात. ग्रंथालयात त्यांच्यासाठी नंबर लावावा लागतो. माझ्या पोटात दुखायचं काही कारण नाही, पण माझा प्रबंध वीस वर्षांत एकदाच कपाटाबाहेर निघाला, तोही मीच काढला होता.

आज बाई आपल्या कादंबरीची ग्रंथालयातली प्रत घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. पहिल्याच पानावर कोणीतरी लाल पेनानं लिहिलं होतं, 'खून कुलसचिवांनी केलाय.'

"पोरांचा चावटपणा, दुसरं काय!" मी म्हणालो.

"पोरं नाहीत, सर. त्याच पेनानं आतले सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत."

मी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

"एकशे तेरा चुका," बाई हसल्या. "नव्या आवृत्तीत मुद्रितशोधनासाठी तुमचे आभार मानलेत. पहिल्याच पानावर."